पक्षीराजनचा खटला पुन्हा चालवा
दिग्दर्शक एस. शंकर यांना यवतमाळहून खुले पत्र

प्रति,
श्री. एस. शंकर,
चित्रपट दिग्दर्शक, चेन्नई

आदरणीय शंकर सर,


यवतमाळ जिल्ह्यातल्या एका चाहत्याचे हे पत्र आहे. १ ऑक्टोबर २०१० रोजी 'एंदिरन' प्रदर्शित झाला, हिंदीत 'रोबोट' होऊन तो विदर्भातल्या गावोगावी पोचला आणि त्यातला यंत्रमानव चिट्टी आमचाही झाला. त्याचा चेहरा तर आमच्या जवळचाच होता. बंगळुरूच्या मराठी घरात शिवाजीराव गायकवाड म्हणून जन्मलेल्या माणसाला रजनीकांत म्हणून जगाने डोक्यावर घेतले, याचा अभिमान मराठी मुलखात कोणाला नाही? म्हणून २९ नोव्हेंबर २०१८ रोजी '२.०' आला तेव्हा अपेक्षा मोठ्या होत्या. पाचशे कोटींच्या घरातला खर्च, मुळातच त्रिमितीत केलेले चित्रीकरण, रहमान यांचे संगीत, रसूल पूकुट्टी यांचे ध्वनिसंयोजन. आपल्या देशात यंत्रमानवाचा असा भव्य चित्रपट होऊ शकतो, हे तुम्ही दाखवून दिले आणि त्याबद्दल मनापासून आभार. तरीही या चित्रपटाशी माझे भांडण आहे. पहिल्या भागात यंत्राच्या प्रत्येक चुकीमागे उभा असलेला माणूस तुम्ही दाखवला होता. दुसऱ्या भागात माणसांच्या चुकांचा दोष तुम्ही यंत्रावर टाकला. पक्षी मरतात, हे खरे. पण तुम्ही ज्याला पिंजऱ्यात उभे केले तो खरा आरोपी नाही, आणि चुकीचा आरोपी पकडला की खरा मोकळा सुटतो. हे दुखणे यवतमाळइतके क्वचितच कोणत्या जिल्ह्याने सोसले असेल.

आधी पहिल्या चित्रपटातला एक प्रसंग आठवतो. इमारतीला आग लागते. चिट्टी ज्वाळांत शिरून एकेकाला उचलून बाहेर आणतो. आंघोळ करत असलेली एक मुलगी आत अडकलेली असते. तो तिलाही आहे त्या अवस्थेत उचलतो आणि गर्दीसमोर, कॅमेऱ्यांसमोर आणून उभी करतो. त्याच्या हिशेबी जीव वाचला, काम फत्ते झाले. ती मुलगी मात्र लाजेने सैरावैरा धावत सुटते आणि गाडीखाली सापडून मरते. हिंदी-तमिळ व्यावसायिक चित्रपटात यंत्राविषयी इतका खोल विचार मी दुसरीकडे पाहिलेला नाही. चिट्टीने काहीही वाईट केले नव्हते, त्याला शिकवलेले अपुरे होते. अपुरे शिकवले कोणी? त्याला घडवणाऱ्या शास्त्रज्ञाने, वसीगरनने. घाई कोणाला होती? त्यालाच. पुढे लाल चिप बसवून त्याच चिट्टीला मारेकरी केले ते बोरा या माणसाच्या लोभाने. अखेरीस न्यायालयाचा आदेश मानून चिट्टी स्वतःचे भाग एकेक करून उतरवतो, तेव्हा प्रेक्षकाचा राग यंत्रावर उरलेलाच नसतो. कोणी काय ठरवले आणि त्याचा भोग कोणाच्या वाट्याला आला, याची साखळी त्या चित्रपटात पहिल्या कडीपासून शेवटच्या कडीपर्यंत लख्ख दिसते. मराठी वाचकाला ही दृष्टी ओळखीची होती. जयंत नारळीकरांनी 'वामन परत न आला' या कादंबरीत यंत्रमानवाच्या निमित्ताने माणसाच्या हव्यासाचाच विचार केला होता. तुम्ही तो विचार पडद्यावर, कोट्यवधी लोकांपर्यंत नेलात.

'२.०' मध्ये ही साखळी तुटते. चेन्नईतले मोबाइल हातांतून सुटून आकाशात झेपावतात, रस्त्यांवरून पुरासारखे वाहतात, त्यांचा एक महाकाय पक्षी होतो. दृश्य म्हणून हे अप्रतिम आहे. त्या पक्ष्यामागे पक्षीराजन आहे, पक्ष्यांवर जीव टाकणारा म्हातारा अभ्यासक. अक्षय कुमार यांनी तो जीव ओतून उभा केला. तो पुरावे मांडतो, दारोदार फिरतो, न्यायालयात जातो, कोणी ऐकत नाही आणि शेवटी तो मोबाइलच्या टॉवरवर गळफास घेतो. इथपर्यंत कथा करुण आहे आणि खरीही वाटते. पण सूडाला सुरुवात झाल्यावर काय होते? मोबाइलच्या धंद्यातली आणि सत्तेतली काही माणसे भयंकर पद्धतीने मरतात खरी, पण त्यांना कोणी प्रश्न विचारत नाही. परवाने कोणी दिले, तपासणी कोणी टाळली, कोणत्या कागदावर कोणाची सही होती, हे चित्रपट शोधत नाही. लगेच आरोपाचे वर्तुळ एवढे रुंदावते की मोबाइल बाळगणारा प्रत्येक माणूस खुनी ठरतो. रोजगार हमीच्या कामावरची बाई आणि दूरसंचार खात्याचा मंत्री एकाच पंगतीत बसतात. सगळेच दोषी म्हटले की जबाबदारी कोणाचीच उरत नाही. माझ्या तक्रारीचे मूळ इथे आहे.

आता पुरावा पाहू. चित्रपट सांगतो की मोबाइलच्या लहरींनी चिमण्या आणि इतर पक्षी संपत चालले. ब्रिटनमध्ये चिमण्यांची मोजदाद दीर्घकाळ होत आली आहे. तिथली घसरण १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून दिसते आणि तिथले मोबाइलचे जाळे सुरू झाले १९८५ साली. म्हणजे आरोपी घटनास्थळी पोचण्याआधीच गुन्हा सुरू झालेला होता. भारतात पहिला मोबाइल कॉल झाला तो ३१ जुलै १९९५ रोजी. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत खेडोपाडी टॉवर उभे राहिले. या काळाचा एक मोठा आढावा म्हणजे २०२० साली प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल. सुमारे साडेपंधरा हजार पक्षीनिरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदींवर तो उभा आहे. त्याचा निष्कर्ष असा की चिमणी मुंबई, चेन्नई, दिल्ली, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद अशा महानगरांत घटली, पण देशभरात एकंदर ती टिकून आहे. टॉवर जिथे नव्याने उभे राहिले त्या ग्रामीण भारतात ती नाहीशी झालेली नाही. त्यातही एक गोष्ट तुम्ही मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. यातल्या असंख्य नोंदी लोकांनी खिशातल्या मोबाइलवरून केल्या आहेत. ज्या यंत्राला तुमच्या चित्रपटाने पक्ष्यांचा मारेकरी ठरवले, त्याच यंत्राने या देशातले पक्षी पहिल्यांदा इतक्या मोठ्या प्रमाणावर मोजले.

शहरांतल्या चिमणीला काय नडले, तेही पुष्कळसे माहीत आहे. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी चिमणीसाठी चळवळ उभारली, २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून पाळला जाऊ लागला तो त्यांच्याच पुढाकाराने. त्यांच्यासह अनेक अभ्यासकांनी दाखवलेली कारणे साधी आणि डोळ्यांना दिसणारी आहेत. कवेलूची घरे गेली, मातीच्या भिंतींतल्या खाचा, वळचणी आणि आढ्याखालच्या फटी गेल्या, त्यांच्या जागी गुळगुळीत सिमेंट आले. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना पहिले काही दिवस मऊ किडे लागतात. फवारणीने किडे गेले की घरटे असूनही पिल्ले जगत नाहीत. आमच्याकडे त्यात आणखी एका कारणाची भर पडली. ज्वारीची वावरे कमी होत गेली आणि कपाशी-सोयाबीनने शिवार व्यापले. कणसावर आणि खळ्यात सांडणारा दाणा कमी झाला. यातल्या प्रत्येक कारणामागे घरबांधणीचे, पिकांच्या भावाचे, कीटकनाशकांच्या विक्रीचे कोणाचे तरी निर्णय आहेत. ते बदलता येतात. त्यांच्याकडे बोट दाखवले तर कोणीतरी उत्तर द्यायला बांधील असते.

तुमच्या बाजूने बोलणारा इथे मला अडवेल. भारत सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१० साली नेमलेल्या समितीने नऊशेहून अधिक शोधनिबंध तपासले होते आणि त्यांतल्या बहुसंख्य निबंधांत लहरींचा काही ना काही परिणाम नोंदवलेला होता. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग इथल्या संशोधकांनी २०१४ साली 'नेचर'मध्ये दाखवले की शहरातल्या विद्युतचुंबकीय गोंगाटात रॉबिन पक्ष्याचे दिशाज्ञान बिघडते आणि अॅल्युमिनियमच्या आवरणाने तो गोंगाट अडवला की ते पुन्हा नीट चालते. हे दोन्ही पुरावे खरे आहेत आणि मी ते झाकून ठेवणार नाही. पण नीट वाचले की ते चित्रपटाच्या मदतीला येत नाहीत. समितीने गोळा केलेल्या निबंधांत माणसांवरचे आणि प्रयोगशाळेतले अभ्यासही होते. परिणाम दिसणे वेगळे आणि त्यामुळे एखाद्या जातीची संख्या घसरणे वेगळे. रॉबिनचा त्रास ज्या लहरींमुळे झाला त्या पाच मेगाहर्ट्झच्या खालच्या होत्या, म्हणजे जुन्या मध्यम-लहरींच्या रेडिओच्या पट्ट्यातल्या आणि विजेच्या उपकरणांतून बाहेर पडणाऱ्या. मोबाइल चालतो तो शेकडो आणि हजारो मेगाहर्ट्झवर. तेव्हा संशोधन चालू राहावे, त्याला पैसा मिळावा, हे शंभर टक्के मान्य. पण संशयिताला आरोपी आणि आरोपीला गुन्हेगार करण्यासाठी जो पुरावा लागतो तो तुमच्या पक्षीराजनच्या हातात नव्हता.

नेमका आरोपी सापडला की काय घडते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. १९९० च्या दशकात गिधाडे झपाट्याने मरू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. सुरुवातीला विषाणूचा संशय होता. शेवटी मेलेल्या गिधाडांच्या मूत्रपिंडांचा माग काढत संशोधक २००४ साली डायक्लोफिनॅकपर्यंत पोचले. हे वेदनाशामक औषध आजारी जनावरांना दिले जायचे आणि मेलेल्या जनावरावाटे ते गिधाडांच्या पोटात जायचे. जनावराचे दुखणे कमी व्हावे म्हणून औषध देणारा शेतकरी खुनी नव्हता. म्हणून त्याला शिक्षा करायची गरज पडली नाही. २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली, मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय पुढे आला, आणि माणसांसाठीच्या औषधाच्या मोठ्या कुप्यांची पळवाट उरली होती तीही २०१५ मध्ये बंद करण्यात आली. माळढोकचेही तसेच. वर्धा नदीपलीकडे, आमच्या वणीच्या शेजारच्या वरोरा भागात एकेकाळी दिसणारा हा पक्षी आता देशात मोजकाच उरला आहे. त्याला मारणाऱ्या मोठ्या कारणांत उच्चदाबाच्या विजेच्या तारा आहेत. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजाप्रमाणे एकट्या थर वाळवंटाच्या अभ्यासक्षेत्रात वर्षाला ८४ हजार पक्षी तारांवर आदळून मरतात. कारण नेमके कळले म्हणूनच एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालय तारा जमिनीखालून नेण्याविषयी आदेश देऊ शकले. पुढे त्या आदेशात फेरफार झाले, वाद चालू राहिले, पण ते योग्य जागी चालू राहिले.

आता माझ्या जिल्ह्याकडे येतो. '२.०' प्रदर्शित होण्याच्या आधीच्या वर्षी, २०१७ च्या पावसाळ्यात, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि इतरत्र दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढलेली होती आणि दाटही होती. मजूर पाठीवर भरलेला पंप घेऊन ओळीत शिरायचा, तेव्हा झाडाच्या शेंड्यावर औषध पोचवण्यासाठी नळी खांद्याच्या वर धरावी लागायची. बॅटरीवरचा पंप अगदी बारीक तुषार सोडतो. ते तुषार पानांवर बसण्याआधी मजुराच्या तोंडावर, मानेवर, ओल्या सदऱ्यावर बसायचे. हवेत दमटपणा, वाऱ्याला जागा नाही, अंगावर घाम आणि बोंडअळीच्या धास्तीने एकाच टाकीत दोन-तीन औषधे मिसळलेली. संध्याकाळपर्यंत मळमळ, उलट्या, डोळ्यांसमोर अंधारी. रोजंदारीवर गेलेला माणूस औषध निवडत नाही, मिसळत नाही, भावही ठरवत नाही. त्याला टाकी भरून मिळते आणि ओळ दाखवली जाते.

तेव्हा सर्वांत आधी ऐकू आले ते काय? शेतकऱ्याने तोंडाला मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत, वाऱ्याची दिशा पाहिली नाही. मेलेल्या माणसाचाच दोष. हे वाक्य आणि मोबाइल बाळगणारा प्रत्येकजण खुनी हे वाक्य, दोन्ही एकाच जातकुळीची आहेत. वापरणाऱ्यावर बोट ठेवले की बनवणारा, मान्यता देणारा, विकणारा आणि तपासणारा, सगळे त्या बोटाच्या मागे लपतात. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे अतिविषारी, हे कायद्याने ठरवलेले आहे. पण तो डबा कपाशीच्या वावरापर्यंत येतो कसा? १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली केंद्रीय पातळीवर नोंदणी होते, कारखान्यात माल बनतो, घाऊक व्यापाऱ्याकडून तो कृषी केंद्रात येतो, तिथे परवानाधारक विक्रेता सल्ला देतो, कृषी खात्याच्या निरीक्षकाने दुकान तपासायचे असते, शेतमालकाने मजुराला साधने द्यायची असतात. मजूर हा या साखळीतला शेवटचा माणूस आणि तोच सर्वांत आधी दोषी ठरला. पुढे राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. म्हणजे साखळी होती, शोधली की सापडत होती.

पक्ष्यांच्या गोष्टीत यवतमाळची फवारणी मी का आणतो, असे तुम्ही विचाराल. कारण विष तेच आहे. विदर्भात ज्या औषधांची तेव्हा चर्चा झाली त्यांत मोनोक्रोटोफॉस होते. हे रसायन माणसाइतकेच पक्ष्यांनाही घातक आहे. १९९५-९६ च्या हंगामात अर्जेंटिनाच्या शेतांत टोळ-नाकतोड्यांवर ते फवारले गेले आणि तिथे स्थलांतर करून आलेले स्वेन्सन ससाणे हजारोंनी मेले. पाच हजारांहून अधिक मृत पक्षी प्रत्यक्ष मोजले गेले. भारतात २००५ पासून भाजीपाल्यावर त्याचा वापर निषिद्ध झाला, पण कपाशीवर तो चालूच राहिला. जुलै २०१३ मध्ये बिहारमधल्या शाळेत माध्यान्ह भोजनातून २३ मुले गेली, तीही याच विषाने. पक्षीराजनने त्याच्या भाषणात हे सांगितले असते तर पक्ष्यांचा प्रश्न आणि माणसांचा प्रश्न एकच आहे, हे चेन्नईपासून आमच्या झरी-जामणीपर्यंत कोणालाही एका झटक्यात उमगले असते. चित्रपटात मात्र पक्षी एका बाजूला आणि सगळी माणसे दुसऱ्या बाजूला उभी राहिली.

कल्पनारम्य चित्रपटाला विज्ञानाची फूटपट्टी लावू नये, असा आक्षेप घेतला जाईल. मोबाइलचे महाकाय पाखरू होते, मृताची ऊर्जा परत येते, याला मी पुरावा मागत नाही. ती कल्पना आहे आणि ती तशीच दाखवली आहे. पण पक्षीराजन कागद घेऊन लहरींविषयी बोलू लागतो तेव्हा चित्रपटाचा सूर बदलतो. तिथे प्रेक्षकाला हे खरे आहे असे सांगितले जाते आणि तो ते खरे मानूनच बाहेर पडतो. कल्पनेला मोकळीक आणि माहितीला जबाबदारी, ही दोन्ही पथ्ये एकाच चित्रपटात पाळता येतात. आपल्या चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी एक छोटासा पट केला होता, 'अंकुराची वाढ'. कुंडीतल्या वाटाण्याचे रोप कसे उगवते, हे त्यांनी दिवसेंदिवस एकेक चौकट टिपून दाखवले. भारतीय पडद्यावरच्या पहिल्या चमत्कारांपैकी तो एक आणि त्यातले प्रत्येक चित्र सत्य होते. लोकांनी तोंडात बोट घालावे आणि घरी जाताना एक खरी गोष्ट घेऊन जावी, ही या माध्यमाची इथली परंपरा आहे. तुमच्या हातात फाळक्यांपेक्षा कितीतरी पट मोठी साधने आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पुरावा अपुरा असला तरी सावधगिरीचा इशारा दिला तर बिघडले काय? मी सावधगिरीच्या विरोधात नाही. टॉवरच्या लहरींची मर्यादा भारताने सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या दहाव्या हिश्शावर आणली आणि ती पाळली जाते की नाही यावर लक्ष हवेच. प्रदर्शनाच्या तोंडावर मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने सेन्सॉर मंडळाकडे धाव घेऊन चित्रपटाचे प्रमाणपत्र काढून घ्यायची मागणी केली, तेव्हा त्यांची भूमिका मला अजिबात पटली नाही. चित्रपट अडवणे हा उपाय नव्हे. तुमच्या चित्रपटाची निर्मिती करणारा लायका समूह स्वतः मोबाइल सेवेच्या व्यवसायातला, तरीही हा विषय घेतला गेला, हे धाडसाचेच. पण समाजाचे लक्ष ही मर्यादित गोष्ट आहे. ते टॉवरकडे वळले की कृषी केंद्राच्या फळीवरच्या डब्याकडे, विजेच्या तारेकडे, बुजवलेल्या तळ्याकडे वळत नाही. माणूस चित्रपट पाहून येतो, दोन दिवस मोबाइलविषयी अपराधी वाटून घेतो आणि विसरतो, कारण मोबाइल सोडणे त्याच्या हातात नसते. बाजारभाव, हवामानाचा अंदाज, बँकेचा संदेश, दवाखान्याची गाडी, सगळे त्यावरच आहे. जी गोष्ट सोडता येत नाही तिच्याबद्दल अपराधी वाटून काहीच बदलत नाही. जी बदलता येते तिच्याविषयीचा राग मात्र उपयोगी पडतो आणि तो जागवण्याची ताकद तुमच्यात आहे.

तिसरा आक्षेप असा की नोंदणी, परवाने, निरीक्षक यांत भव्य चित्रपट कुठून येणार? हे निदान तुमच्याबाबतीत कोणी म्हणू नये. लाच या रुक्ष विषयावर तुम्ही १९९६ साली 'इंडियन' केला. 'मुदलवन'चा हिंदी अवतार 'नायक' आमच्याकडे अजूनही टीव्हीवर लागला की लोक उठत नाहीत आणि त्याचा विषय आहे सरकारी फायलींचा कारभार. २००५ च्या 'अन्नियन'मध्ये, आम्ही ज्याला 'अपरिचित' म्हणून ओळखतो, पावसाच्या पाण्यात पडलेल्या जिवंत तारेने एका लहान मुलीचा जीव जातो आणि तुम्ही त्या तारेवरून ती सांभाळायची जबाबदारी असलेल्या माणसापर्यंत जाता. वीज दोषी आहे, असे तुम्ही म्हटले नाहीत. विजेचा वापर करणारे सगळे खुनी, असेही म्हटले नाहीत. तीच नजर '२.०' मध्ये असती तर पक्षीराजनची लढाई किती मोठी झाली असती!

पक्षीराजनविषयी आणखी एक गोष्ट काळजातून सांगायची आहे. त्याला पाहताना सलीम अलींची आठवण येते आणि विदर्भातल्या माणसाला मारुती चितमपल्लींचीही. चितमपल्लींनी वनखात्यात राहून नवेगाव, नागझिरा, मेळघाट पायाखाली घातले, रानातल्या आदिवासींकडून पाखरांची माहिती गोळा केली आणि मराठीला पक्षीकोश दिला. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. अशा माणसांची ताकद त्यांच्या चिकाटीत असते. वर्षानुवर्षे नोंदी ठेवणे, हार न मानणे, नवी माणसे तयार करणे. तुम्ही मात्र तुमच्या अभ्यासकाला टॉवरवर फास दिलात, मेल्यावरच त्याला शक्ती दिलीत आणि मग त्याला राक्षस करून हरवलेत. शेतकरी आत्महत्यांनी ज्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले, तिथे हे दृश्य फार वेगळे लागते. जिवंतपणी कोणी ऐकत नाही, मेल्यावरच हिशेब चुकता होतो, हा संदेश आमच्या मुलांनी पडद्यावरून घेऊ नये असे मला तळमळून वाटते. जिवंत राहून जिंकणारा पक्षीराजन आम्हाला हवा आहे.

शेवटाविषयीही तेच. चिट्टीची छोटी रूपे कबुतरांवर स्वार होऊन येतात, पक्ष्यांच्याच जिवाची धमकी देऊन पक्षीराजनला नमवतात, आणि मग वसीगरन मंत्र्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो. संकट संपले, प्रश्न तसाच राहिला. आमच्याकडेही असेच घडले. तुमचा चित्रपट येण्याच्या चार आठवडे आधी, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री, आमच्या राळेगाव तालुक्यात बोराटीच्या जंगलात टी-१ वाघीण गोळी घालून मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूंशी तिचे नाव जोडले होते आणि त्या गावांनी जी भीती सोसली तिची टिंगल कोणी करू नये. पण वाघीण गेल्यावरही गुरे चारायला जंगलातच जावे लागते, जंगलाच्या कडेची वावरे तिथेच आहेत आणि टिपेश्वर अभयारण्याच्या १४८ चौरस किलोमीटरमध्ये न मावणारे वाघ बाहेर पडतच राहतात. एका अंगावर येणाऱ्या जिवाला संपवून माणूस आणि निसर्गातला तंटा मिटत नाही. चित्रपटाने तरी आम्हाला हे सांगायला हवे होते.

म्हणून मागणी एवढीच आहे. '२.०' च्या अखेरीस तुम्ही पुढच्या भागाची वाट मोकळी ठेवली आहे. तो भाग करा आणि त्यात पक्षीराजनचा खटला पुन्हा चालवा. चिट्टीजवळ जगातली सगळी पुस्तके काही क्षणांत वाचून काढायची शक्ती आहे, ती तपासाला जुंपा. त्याला टॉवरवरून उतरवून वावरात आणा, डब्यावरच्या त्रिकोणापासून नोंदणीच्या कागदापर्यंत माग काढायला लावा. प्रत्येक कडीवरच्या माणसाला प्रश्न विचारू द्या आणि उत्तर देईपर्यंत त्याला सोडू नका. विमाने पाडा, इमारती उडवा, हजार चिट्टींचा डोंगर करा, आम्ही टाळ्या वाजवू. फक्त शेवटी प्रेक्षक बाहेर पडेल तेव्हा कोणाकडे जाऊन जाब विचारायचा, हे त्याला ठाऊक असू द्या. असा चित्रपट आला तर आमच्या मारेगावच्या कृषी केंद्रासमोर उभा असलेला शेतमजूरही डबा हातात घेताना प्रश्न विचारेल. तुमच्या '२.०' पेक्षा मोठे यश ते असेल आणि ते मिळवण्याची ताकद आज भारतीय चित्रपटात ज्या मोजक्या लोकांकडे आहे, त्यांत तुम्ही आहात.



आपला नम्र,
यवतमाळ जिल्ह्यातला एक चाहता